ताणलेली क्रीम कँडी मुरत का नाही?

जुन्या पद्धतीची, हाताने ताणलेली क्रीम कँडी घरी करणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. पाक जमतो, तो ताणता येतो, कात्रीने तुकडेही नीट पडतात. पण दुसऱ्या दिवशी डबा उघडावा तर ते तुकडे तोंडात विरघळण्याऐवजी दाताला चिकटतात आणि पुढेही तसेच चिवट राहतात. काही जणांच्या बाबतीत नेमके उलटे घडते: पाक पातेल्यातच साखरतो आणि ताणण्याजोगे काही हाती उरत नाही. या दोन तक्रारी एकमेकींच्या विरुद्ध आहेत आणि गोंधळाचे मूळ तिथेच आहे, कारण एकीवर केलेला उपाय दुसरीला आमंत्रण देतो.

तयार कँडी कशी असावी, हे आधी स्पष्ट हवे. ताणून झाल्यावर तिचे तुकडे टॉफीसारखे लवचीक असतात. झाकून ठेवले की रात्रभरात, थंडीत कधी एखादा दिवस अधिक घेऊन, ते आतपर्यंत भुसभुशीत होतात, रंग दुधट पडतो आणि बोटांनी दाबल्यास तुकडा मोडतो, लांबत नाही. यालाच कँडी मुरणे म्हणायचे. अमेरिकेतील केंटकी राज्यात ही मिठाई विशेष प्रसिद्ध आहे. तिथे माउंट स्टर्लिंग गावी रूथ हंट यांनी १९२१ मध्ये सुरू केलेल्या व्यवसायाची, चॉकलेटचे कवच असलेली ‘ब्लू मंडे’ ही वडी याच ताणलेल्या कँडीची असते. घरगुती कृतीत ३ कप साखर, १ कप पाणी, १ कप घट्ट क्रीम, चिमूटभर मीठ, बहुतेक ठिकाणी चिमूटभर खायचा सोडा आणि शेवटी व्हॅनिला, एवढेच घटक असतात. यात भर घालण्याचा मोह टाळणे ही निम्मी दुरुस्ती आहे.

लिंबू, ग्लुकोज आणि आंबट साय

पाक साखरू नये म्हणून त्यात लिंबाचे चार थेंब पिळण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. गुलाबजामाच्या पाकाला ती योग्यच आहे, कारण तो पाक शेवटपर्यंत पातळ आणि नितळ राहायला हवा असतो. क्रीम कँडीला मात्र शेवटी साखरायचेच असते. फक्त ते योग्य वेळी आणि अतिशय बारीक कणांनी व्हायला हवे. आपली साखर म्हणजे सुक्रोज. आम्ल आणि उष्णता एकत्र मिळाली की सुक्रोजची फोड होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात, आणि हे दोन्ही घटक उरलेल्या सुक्रोजचे स्फटिक जुळण्याच्या आड येतात. शिवाय फ्रुक्टोज हवेतील ओलावा ओढून घेते. म्हणजे लिंबू पिळलेला पाक पातेल्यात सुरेख वागतो, ताणतानाही त्रास देत नाही, आणि नंतर कधीच मुरत नाही. ज्यांची कँडी चिवट राहते त्यांनी सर्वप्रथम याच गोष्टीची चौकशी करावी.

केकचे सामान मिळणाऱ्या दुकानातील लिक्विड ग्लुकोजही हेच करते. टॉफीसाठी ते उपयुक्त आहे. इथे एक मोठा चमचाभर घातले तरी मुरण्याची चाल मंदावते आणि जास्त घातले तर ती थांबतेच. सोड्याचे काम लिंबाच्या उलट आहे: क्रीममध्ये असलेला किंचित आंबटपणा तो मारतो आणि साखरेची फोड रोखतो. मात्र तो खरोखरच चिमूटभर असावा. जास्त सोड्याने पाक तांबूस होतो आणि चवीला साबणासारखी छटा येते.

मंद आचेवर तासभर रटरटत ठेवलेला पाक हे चिवटपणाचे आणखी एक कारण असते, आणि ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. उकळण्याचा काळ जितका लांबतो तितकी साखरेची फोड अधिक होते. म्हणून मोठा बर्नर आणि जाड बुडाचे, उंच काठाचे पातेले घ्यावे. पाक फुगून वर येतो, त्यामुळे पातेले मालाच्या तिप्पट-चौपट तरी हवे.

आता क्रीमबद्दल थोडे सविस्तर, कारण नाशिकच्या घरांतील अडचण मला प्रामुख्याने इथे दिसते. आमच्याकडे म्हशीच्या दुधाची जाड साय रोज काढून फ्रिजमधील डब्यात साठवायची आणि आठवड्याने विरजून तिचे लोणी काढायचे, असा शिरस्ता आहे. कॉलेज रोडला राहणाऱ्या माझ्या धाकट्या नणंदेने याच डब्यातील साय कँडीला वापरली होती. घाणा दोनदा चिवट निघाल्यावर तिने फोन केला: “वहिनी, लिंबू नाही, ग्लुकोज नाही, मग बिघडतं कुठे?” साय किती दिवसांची, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, “रविवारपासूनची. पण वास नाही हो आलेला.” वास येण्याच्या बऱ्याच आधी सायीला आंबटपणा आलेला असतो. तो तूप कढवताना कळत नाही, उकळत्या पाकात मात्र लगेच कळतो: सायीचे बारीक कण फुटतात, ते बुडाला बसून करपतात आणि पाकात तपकिरी ठिपके दिसू लागतात. तिच्या पातेल्याच्या बुडाशी तसा खरवड जमलाच होता. एका दिवसाच्या ताज्या सायीवर तिचा पुढचा घाणा व्यवस्थित मुरला.

साय वापरायचीच असेल तर ती त्याच दिवशीच्या तापवलेल्या दुधाची असावी, थोड्या दुधात घुसळून एकजीव करावी आणि गाळून घ्यावी, म्हणजे तिच्यातील पापुद्रे पाकात जाणार नाहीत. शंका असल्यास चमचाभर साय वेगळी उकळून पाहावी. फाटली तर ती तुपासाठी ठेवावी. फार घुसळू नये, कारण लोणी सुटू लागलेली साय पाकात मिसळत नाही आणि ताणताना हाताला सारखा तुपाचा ओघळ लागतो.

खोक्यात मिळणाऱ्या साध्या फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश साधारण २५ टक्के असतो, तर जुन्या कृतींना अभिप्रेत असलेल्या घट्ट क्रीममध्ये तो ३६ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो. फ्रेश क्रीमने कँडी होते, पण पाणी जास्त असल्याने आटवायला वेळ लागतो आणि बुडाला लागण्याचा धोका वाढतो. सुरुवातीचे पाणी पाव कपाने कमी केले तर हा फरक बराच भरून निघतो. केकवर फेटून लावतात ते नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम मात्र पूर्णपणे टाळावे. त्यात वनस्पतिजन्य स्निग्धांश, साखर आणि स्थिरता आणणारे पदार्थ असतात. त्याने केलेली कँडी ताणताना फसवी सुंदर दिसते, एवढेच.

पातेल्यातच साखरणारा पाक

या दोषाची कारणे कमी आहेत, म्हणून थोडक्यात सांगते. साखर पूर्ण विरघळण्याआधी पाक उकळू देऊ नये. जाड दाण्याची साखर विरघळायला वेळ घेते, तेव्हा मंद आचेवर ढवळत राहावे आणि चमच्याच्या पाठीवर दाणा लागेनासा झाला की आच वाढवावी. त्यानंतर ढवळणे बंद. उकळी फुटताच पातेल्यावर दोन-तीन मिनिटे झाकण ठेवावे, म्हणजे आतील वाफेने काठावरचे साखरेचे दाणे आपोआप धुऊन खाली येतात. काठाला चिकटलेला एक दाणा पुन्हा पाकात पडला तरी त्याभोवती सगळा पाक साखरू शकतो. क्रीम घालण्यापूर्वी पाक साखरला तर घाबरण्याचे कारण नाही; अर्धा कप पाणी घालून तो पुन्हा विरघळवावा आणि नव्याने सुरुवात करावी.

क्रीम कोमट असावे आणि पाक खळखळत असतानाच, उकळी क्षणभरही न मोडेल इतक्या बारीक धारेने घालावे. फ्रिजमधील गार क्रीम एकदम ओतले की उकळी बसते, स्निग्धांश वेगळा होतो आणि तो पुन्हा नीट मिसळत नाही. एक कप क्रीम घालायला चार-पाच मिनिटे लागली तरी ती घाई करण्याची जागा नव्हे. पुढे ढवळू नये. बुडाला लागण्याची भीती वाटली तर पातेले आचेवर हळूहळू फिरवावे, किंवा स्वच्छ लाकडी उलथणे काठांना न लावता फक्त बुडावरून एकदा सावकाश ओढावे.

थर्मामीटर शंभर दाखवत नाही म्हणून बिघडलेला नसतो

जुन्या कृतींत पाक २५८ ते २६० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे साधारण १२६ ते १२७ अंश सेल्सिअसपर्यंत न्यावा, असे असते. हा आकडा नाशिकमध्ये जसाच्या तसा पाळला की कँडी कडक होते, ताणताना तुटते आणि मुरायलाही कुरकुर करते. कारण असे की आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंचीवर आहे. दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एका अंशाने उतरतो, म्हणून इथे पाणी १०० ऐवजी साधारण ९८ अंशांनाच उकळते. पाकाची तार किंवा गोळी त्यात किती पाणी उरले आहे यावर ठरते. त्यामुळे तेवढेच पाणी उरलेला पाक इथे दोन अंश आधीच तयार झालेला असतो.

यावर उपाय सोपा आहे आणि तो केल्यास उंचीचा हिशेबही करावा लागत नाही. त्याच दिवशी, त्याच थर्मामीटरने, साधे पाणी खळखळून उकळवून मोजावे आणि येईल त्या आकड्यात २६ ते २७ मिळवावेत. पाणी ९८ दाखवत असेल तर पाक १२४-१२५ ला उतरवावा. थर्मामीटर ९६ दाखवत असेल तर तो दोन अंश कमी दाखवतो आहे, आणि त्याच्यावरील १२२-१२३ हा आपला थांबा आहे. दोन्ही वेळा बेरीज तीच. थर्मामीटरचे टोक पाकात बुडालेले असावे, पण बुडाला टेकू नये. निम्म्या प्रमाणात कँडी करताना पाक उथळ असतो, तेव्हा मोजण्यापुरते पातेले तिरके करावे.

थर्मामीटर नसल्यास लाडवाच्या पाकाची गोळीची परीक्षा इथेही चालते. गार पाण्यात टाकलेल्या थेंबाची गोळी उचलल्यावर आकार सोडत नसेल, जोर दिल्यावर थोडी दबत असेल आणि ताटलीवर टाकल्यावर ‘टक’ असा बोथट आवाज येत असेल, तर पाक झाला. आवाज खणखणीत आला तर तो पुढे गेला. पाणी मात्र खरोखर गार हवे. जानेवारीत नळाचे पाणी पुरते; एप्रिल-मेमध्ये गच्चीवरील टाकीच्या कोमट पाण्यात गोळी मऊच दिसते, आणि मग पाक विनाकारण आणखी आटवला जातो.

हवा आणि फरशी

संक्रांतीच्या हलव्याला काटा यायला थंड, कोरडी हवा लागते हे आपल्याला ठाऊक आहे. ही कँडीही त्याच दिवसांची आहे. केंटकीतही ती थंड आणि निरभ्र दिवशी करावी, असाच जुना दंडक आहे. नाशिकला डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा अनेकदा १० अंशांच्या खाली जातो आणि दिवसाची हवा कोरडी असते, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत अनुकूल. ऐन पावसाळ्यात, नाशिकला पुराचे माप मानल्या जाणाऱ्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला गोदावरीचे पाणी लागल्याच्या बातम्या येत असताना कँडी करायला घेणे म्हणजे साखर आणि क्रीम वाया घालवणे होय. ताणलेल्या दोरीचा पृष्ठभाग मोठा असतो, आणि तो दमट हवेतून पाणी ओढून घेतो. मग बाहेरून चिकट आणि आतून कच्ची अशी अवस्था होते. उन्हाळ्यात हवा कोरडी असली तरी फरशी गार होत नाही आणि हाताला घाम सुटतो. तेव्हा करायचीच असेल तर पहाटे करावी.

मात्र हंगाम योग्य असूनही स्वयंपाकघर दमट असू शकते. शेजारच्या शेगडीवर डाळ-भाताचा कुकर लावलेला असेल, तर जानेवारीतही ओट्यापुरता पावसाळा असतो. कँडीच्या वेळी दुसरे काही शिजवू नये आणि खिडकी उघडी ठेवावी.

पाक ओतण्यासाठी संगमरवराची फरशी उत्तम. ती नसल्यास गुळगुळीत ग्रॅनाइटचा ओटा चालतो. खडबडीत कडाप्पा वापरू नये, त्याच्या खाचांत पाक अडकतो. फरशी गार करण्यासाठी तिच्यावर बर्फाची पिशवी ठेवणारे पुष्कळ जण एक गोष्ट विसरतात: थंडगार दगडावर हवेतील बाष्प दवासारखे जमते. ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण कोरडा तळवा फिरवला की जाणवते. म्हणून फरशी कोरड्या सुती फडक्याने पुसून, लगेच तुपाचा पातळ हात फिरवून, त्याच क्षणी पाक ओतावा. तूप जास्त झाले तर घड्यांच्या मध्ये जाते आणि कँडीचे पदर सुटे राहतात.

ओतताना पातेले फरशीजवळ धरावे. जे आपणहून खाली येईल तेवढेच घ्यावे. बुडाला आणि काठाला राहिलेले खरवडून त्यात मिसळले की तयार दाणे पाकात गेलेच म्हणून समजा. तो खरवड चहात घालावा. गरम पाकाचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट असतो, कारण तो त्वचेला चिकटून राहतो; मुलांना या वेळी ओट्यापासून दूर ठेवावे.

ताणणे

ओतलेल्या पाकाच्या कडा आधी निवतात. त्या कलथ्याने उचलून मध्यभागी दुमडत राहाव्यात, पण मधला गरम भाग ढवळू नये, अन्यथा तिथे जाड दाणे धरतात. हाताला सोसवेल इतपत, पण अजून चांगलाच गरम असताना गोळा उचलावा. आत सुती आणि वर पातळ प्लास्टिकचे हातमोजे घातले तर आणखी आधी सुरुवात करता येते आणि त्याचा लाभ होतो. रेवडीसाठी पाक ताणतात तसाच हाही ताणायचा, फक्त खुंटीऐवजी दोन्ही हातांनी: हातभर लांबवावा, टोके जुळवून दुमडावा, पुन्हा लांबवावा. पीळ देत राहू नये, सरळ ताणावा. व्हॅनिला पहिल्या काही घड्यांमध्ये थेंबाथेंबाने घालावा.

कँडी न मुरण्याचे राहिलेले मोठे कारण म्हणजे अपुरे ताणणे, आणि यात चूक होते ती चकाकीमुळे. सुरुवातीला गोळा पिवळसर आणि अर्धपारदर्शक असतो. काही मिनिटांत तो रेशमासारखा चमकू लागतो, आणि इतका सुंदर दिसतो की झाले असे समजून हात थांबतो. थांबू नये. हवा आणखी भरत जाते, रंग हस्तिदंती होतो, दोरीवर लांबीच्या दिशेने बारीक रेघा उमटतात आणि त्या पुन्हा मिटत नाहीत. ताणायला जोर लागू लागतो. चकाकी उतरून पृष्ठभाग मॅट दिसू लागला आणि टोकाला धरलेली दोरी लोंबकळत लांबण्याऐवजी आकार धरून राहिली, म्हणजे वेळ झाली. ताणण्याने नुसती हवा भरत नाही. ढवळल्यासारखे होऊन सर्वभर सूक्ष्म स्फटिकांचे बीज पडते, आणि रात्रभर जे वाढते ते हेच बीज. या क्षणापासून कापण्यासाठी मिनिटभरच मिळते, तेव्हा तूप लावलेली कात्री आधीच हाताशी असावी. एकट्याने काम असेल तर निम्माच घाणा घ्यावा.

ताणताना गोळा मध्येच कडक होऊन तुटू लागला, तर तो गरम शेगडीजवळ, आचेवर नव्हे, थोडा वेळ धरावा. तरीही तुटत असेल तर पाक पुढे गेला होता. त्या वेळी ते तुकडे कडक गोळ्या म्हणूनच खावेत.

मुरवताना आणि मुरलीच नाही तर

तुकडे पूर्ण निवल्यावर बटर पेपरच्या थरांमध्ये घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. उघडे ठेवले तर नाशिकच्या कोरड्या थंडीत वरून कवच धरते आणि आतला भाग मागे राहतो. फ्रिजमध्ये ठेवू नयेत. बाहेर काढताच त्यांना पाणी सुटते. कडाक्याच्या रात्री डबा बाल्कनीत न ठेवता स्वयंपाकघरातच ठेवावा, कारण फार थंडीत पाक इतका ताठर होतो की स्फटिकांची वाढ मंदावते. सकाळी एक तुकडा मधून मोडून पाहावा. कडा भुसभुशीत आणि गाभा चिवट असेल तर घाणा ठीक आहे, त्याला आणखी एक दिवस द्यावा. गाभा आणि कड सारखेच चिवट असतील तर वाट पाहून सहसा काही हाती लागत नाही.

अशा घाण्यावर एक उपाय करून पाहण्याजोगा आहे. तुकडे तूप लावलेल्या ताटात पसरून, ते ताट गरम पाण्याच्या पातेल्यावर पण वाफ आत न शिरेल अशा बेताने ठेवून मऊ करावेत, त्यांचा गोळा करून पुन्हा ताणावा, आणि दोरी ताठ होऊ लागली की त्यात दोन चमचे पिठीसाखर किंवा आधीच्या मुरलेल्या कँडीचा अगदी बारीक चुरा भुरभुरावा. हे तयार स्फटिक विरजणासारखे काम करतात. पिठीसाखर घरी दळलेली असावी, कारण विकतच्या आयसिंग शुगरमध्ये अनेकदा कॉर्नफ्लोअर मिसळलेले असते. पाक केवळ कमी ताणला गेल्याने अडला असेल तर या उपायाने दुसऱ्या दिवशी कँडी मुरते. लिंबू किंवा ग्लुकोज भरपूर पडलेले असेल तर हाही उपाय चालत नाही. त्या घाण्याचे तुकडे एकेक करून बटर पेपरात गुंडाळावेत आणि टॉफी म्हणून मुलांना द्यावेत. मुरलेला घाणा मात्र चिरलेल्या तुकड्यांच्या थरांत हवाबंद डब्यात दोन आठवडे चांगला राहतो. डब्यात पहिला थर संपला की वरचा बटर पेपर काढून टाकावा, नाहीतर त्याला लागलेले तूप खवट होऊन वास खालच्या थराला लागतो.